सलवारीचा आराम कुठे असतो?

गेल्या रमजानमध्ये धाकट्या लेकीची नवी सलवार सजद्यात जाताना मधोमध उसवली. कापड वाचवायला शिंप्याने आसन आखूड ठेवले होते. लेकीने निकाल देऊन टाकला, "अम्मी, यापेक्षा लेगिंग बरी!" सतरचा विचार करता ते मला पटणारे नव्हते. पण फाटकी सलवार हातात घेऊन तिला समजावणार तरी काय?

सलवार वर घेरदार, खाली निमुळती. तिचा आराम मात्र घेरात नसतो. तो दोन पायांच्या मध्ये बसवलेल्या मियानीत असतो. या चौकोनी तुकड्याला कोणी रुमालीही म्हणतात. तो तिरका बसतो आणि तिरक्या धाग्यावर कापड थोडे ताणते. म्हणून रुकू-सजद्यात किंवा उकिडवे बसताना सगळा भार एकाच शिवणीवर येत नाही. मियानी गाळली की वर कितीही चुण्या घाला, उपयोग नाही.

पॅरिसच्या पॉल प्वारे यांनी १९११ मध्ये तुर्की धाटणीच्या अशा विजारी तिथल्या बायकांसाठी आणल्या, तेव्हा मोठा गहजब झाला होता. आज त्याच घाटाची 'हॅरम पँट' आपल्या मुली हौसेने विकत घेतात. घेऊ द्या. फक्त आसन गुडघ्यापर्यंत लोंबत असेल तर जिना चढताना पाय अडकतो, तेवढे पाहावे.

मोहरीचे माप घोट्यावर घेऊ नये. चवडा ताणून टाच आणि पायाची वरची बाजू यांभोवती टेप फिरवावी आणि वर दोन बोटे सैल ठेवावी. नाहीतर वुजूच्या वेळी मोहरी घोट्यावर सरकत नाही आणि दिवसातून पाच वेळा ओली होते.

खाली घेर असेल तर कमीज सरळ, गुडघ्याखाली जाणारी शोभते. दोन्हीकडे घेर आला की ठेंगणी मुलगी कापडात हरवते. कडक सुती कापड फुगते, मऊ मलमल किंवा क्रेप अंगाबरोबर पडते. पातळ असेल तर अस्तर हवेच.

शेवटी आम्ही माझ्या अम्मीची जुनी सलवार उसवून कागदावर पसरली आणि तिच्यावरूनच बेतली. बाकी कापड मूळचेच होते. मियानी तेवढी दोनदा बदललेली दिसली.