निवृत्त कारखानदाराच्या चार गोष्टी

उपनगरांतल्या व्याख्यानमालांतून अधूनमधून एखादे कारखानदार बोलावयास येतात. विषय बहुधा त्यांच्या यशाच्या वाटचालीचा असतो, आणि व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतील मंडळी हस्तांदोलनासाठी पुढे सरसावतात. आम्ही मागच्या खुर्चीवर बसून ही व्याख्याने नेमाने ऐकतो. आमचा आणि कारखानदारांचा संबंध तीस वर्षांचा. पण तो टेबलाच्या दोन बाजूंचा. टेबलापलीकडचा मालक जे बोलतो त्यातले निम्मे वकिलाने पढविलेले असते, आणि अलीकडून आम्ही जे बोलतो त्यातलेही निम्मे दाराबाहेरच्या सभासदांना ऐकू जावे म्हणून असते. तेव्हा दोघांनी मोकळेपणाने बोलावयाचे तर ते टेबल मोडल्यावरच. असा एक प्रसंग आमच्या वाट्यास आला. त्याची हकीकत व त्यावरून सुचलेले काही विचार येथे मांडीत आहोत. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंत, पुढचे सारे लेथवर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले; त्यामुळे मांडणीत विद्वत्ता सापडणार नाही.

प्रथम 'संस्थापक' आणि 'मालक' या दोन शब्दांतला फरक ध्यानात घेतला पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. हक्काची बढती डावलली गेली म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली, बेळगावास सायकलींच्या दुकानात लक्ष घातले, आणि पुढे लोखंडी नांगर करावयास घेतला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर.

आपल्या उपनगरातले उदाहरण पवईचे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघे डेन्मार्कचे इंजिनियर सिमेंटची यंत्रे करणाऱ्या एका डॅनिश कंपनीच्या कामासाठी इकडे आले, आणि १९३८ साली मुंबईत त्यांनी भागीदारी थाटली. कचेरी इतकी लहान की एका वेळी दोघांपैकी एकच आत बसू शके, असे सांगतात. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क व्यापला, तिकडून येणारा माल थांबला, आणि केवळ विकणाऱ्या या दोघांना स्वतः बनवावयास शिकावे लागले. पवईची पंचावन्न एकर दलदलीची व झाडोऱ्याची जमीन त्यांनी १९४८ साली घेतली. टुब्रो १९६२ साली रोजच्या कारभारातून निवृत्त झाले. होल्क-लार्सन १९७८ पर्यंत अध्यक्ष होते. त्यानंतरही त्यांनी मुंबई सोडली नाही, आणि २००३ साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते येथेच वारले. पंचवीस वर्षांची ही निवृत्ती! आपण वसविलेल्या गावात एवढी वर्षे नुसते बघत राहणाऱ्या माणसाच्या मनात काय काय येत असेल, याचे कुतूहल आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

संस्थापकाला पहिल्या यंत्राचा आवाज आठवतो. वारसाला बहुधा फक्त जमिनीचा सात-बारा ठाऊक असतो. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज हा कारखाना रामजीभाई कमानी यांच्या पश्चात घरच्या कलहात सापडला व १९८५ साली बंद पडला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने तो कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. म्हणजे यंत्राचा आवाज आठवणारे दुसरेही लोक असतात, हे त्या निकालाने कागदावर आले. पण हे विषयांतर झाले.

आमचे कारखानदार यांच्यापुढे फार लहान. नाव सांगण्याचे कारण नाही. नागदेवीच्या बाजारात हमाली करता करता त्यांनी हत्यारे ओळखली, एक जुना लेथ घेतला, आणि साठ-बासष्ट वर्षांपूर्वी अंधेरीत पूर्वेस एका पत्र्याच्या शेडमध्ये पितळी कॉक व व्हॉल्व्ह करावयास सुरुवात केली. पुढे मरोळला मोठी शेड झाली, तीन पाळ्या झाल्या. आमची युनियन तेथे १९९६ साली आली. २००४ साली कारखाना बंद झाला. आता त्यांचे वय शहाऐंशी. संध्याकाळी ते अंधेरीच्या एका बागेत येऊन बसतात, आणि गेल्या पावसाळ्यापासून आम्हीही तेथे बसतो. पहिल्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "काय पुढारी, आज घोषणा नाहीत?"

त्यांच्या बोलण्यात चालू घडामोडी आणि घरगुती गोष्टी यांची सरमिसळ असते. दोन वर्तमानपत्रे वाचतात, मराठी आधी व इंग्रजी नंतर, कारण विचारले तर म्हणतात, "एकात भाजीचे भाव, दुसऱ्यात शेअरचे. भाजीचे खोटे सांगून चालत नाही." नातू पवईत कसलीशी नवी कंपनी काढून बसला आहे. ती चालविण्याआधीच कोणास विकावयाची याचा आराखडा त्याच्याजवळ तयार आहे, हे त्यांना काही केल्या उमजत नाही. "साहेब, तुम्हीही शेवटी विकलीच की," असे आम्ही म्हणालो तेव्हा ते गप्प बसले.

२०१४ साली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ते एकदा हौसेने घाटकोपरपर्यंत जाऊन आले, आणि आल्यावर जे बोलले ते आम्ही विसरणार नाही. त्यांचे बरेच कामगार घाटकोपर-असल्फ्याकडचे. सकाळच्या पाळीला बसने यावयाचे म्हणजे साकीनाक्यास अडकणे ठरलेले. अर्धा तास उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापण्याचा त्यांचा नियम होता. "पस्तीस वर्षे मी तो पगार कापला," ते म्हणाले, "पण त्या बसमध्ये एकदाही बसलो नाही. मेट्रोतून खालचा रस्ता दिसला, तेव्हा कळले." या पगारकापणीवर आम्ही दोनदा तक्रार लढविली होती. त्या तक्रारीच्या कागदांत सारी कलमे होती. साकीनाक्याचा रस्ता तेवढा नव्हता.

दुसरी गोष्ट घरी जिन्नस आणून देणाऱ्या पोरांची. बागेच्या फाटकाबाहेर ही मुले मोटारसायकली लावून, हातातल्या फोनकडे पाहत उभी असतात. म्हाताऱ्याने त्यातल्या एकास बोलावून किती तास, पेट्रोल कोणाचे, पडलास तर काय, असे सगळे विचारले. मग आम्हांला म्हणाले, "तुम्ही माझ्या गेटवर सभा घ्यायचात. मला राग यायचा; पण गेट होते, आत मी होतो. या पोराने सभा कुठे घ्यायची? याच्या मालकाला गेटच नाही." २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या कायद्याने प्रथमच केली, पण संघटना बांधणाऱ्याची खरी अडचण या माणसाने एका वाक्यात सांगितली. मालकाच्या तोंडून शिकण्याची वेळ आली याचे आम्हांस वैषम्य वाटले, हेही खरे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे वळतो. कारखाना बंद कसा करतात, हे पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसते. त्या वेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे शंभर किंवा अधिक कामगार असतील तर बंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागे. शंभरांच्या खाली संख्या असली की नोटीस आणि नुकसानभरपाई एवढ्यावर भागे. तेव्हा रीत अशी पडली की आधी स्वेच्छानिवृत्तीची योजना लावावयाची, थकलेल्या व कर्जात बुडालेल्या माणसांना रोख रक्कम दाखवावयाची, आणि संख्या शंभराखाली आली की दुसऱ्या महिन्यात नोटीस चिकटवावयाची. मग जमीन मोकळी. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अनेक चिमण्या अशाच निघाल्या आणि त्या जागी मनोरे उभे राहिले. आमच्या येथे एकशे एकतीस होते. अडतीसांनी योजना घेतली, राहिले त्र्याण्णव.

त्या करारावर आमची सही आहे. वर्षाला जेवढ्या दिवसांचा पगार आम्ही मिळविला तेवढा त्या वसाहतीत तेव्हा कोणी मिळविला नव्हता, असे आम्ही आजवर गेटसभांतून सांगत आलो.

मागच्या श्रावणात एका संध्याकाळी ते आपण होऊन म्हणाले, "तुम्ही अजून वर्षभर ताणले असते ना, तर मी बंद करणार नव्हतो. मुलाला जमीन विकायची होती, मला नव्हती. अर्धी शेड ठेवून साठ माणसांवर चालवायचे, असे मी हिला बोललोही होतो. पण पहिल्याच बैठकीत तुम्ही विचारलेत, वर्षाला किती दिवस देता? मग मुलगा म्हणाला, बघा, त्यांनाही पैसेच पाहिजेत."

घरी येऊन आम्ही पेटी उघडली. मागणीपत्र सापडले. चौदा कलमे होती. रकमेचे पहिले, ग्रॅच्युइटीचे दुसरे, उपाहारगृहातल्या मुलांचे शेवटचे. कारखाना चालू ठेवा, असे कलम नव्हते.

म्हाताऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे आम्ही घेत नाही. निवृत्त माणूस आपल्या चांगुलपणाची बेरीज जरा मोठीच मांडतो, आणि मुलावर टाकलेला दोष हा बापाला सोयीचा असतो. शिवाय आमची माणसे कोण होती? त्यातल्या पुष्कळांचे बाप १९८२ च्या गिरणी संपात गेलेले. त्या घरांनी दीर्घ लढा पाहिला होता, आणि लढ्याच्या शेवटी आलेले रिकामे हातही पाहिले होते. हाती पडेल ते घ्या, असे ते आम्हांला सांगत होते. आम्ही त्यांचे ऐकले. परंतु दुसरा रस्ता आहे का, हे विचारण्यासाठी त्यांना एकदा तरी बसवावयास हवे होते. ते आम्ही केले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "तीन नंबर लेथवरचा आपला टर्नर काय करतो?" तो घाटकोपरला एका मनोऱ्याखाली बारा तासांची पहारेदारी करतो. पंचाण्णवच्या योजनेची पेन्शन त्याला लागलेली नाही. फंडाच्या कागदावर जन्मतारीख चुकली आहे. २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन हजार रुपये ठरली. पण तीही मिळावयास कागद जुळावा लागतो, दुरुस्तीच्या अर्जावर मालकाची सही मागतात, आणि बंद कारखान्याचा मालक कामगाराने कोठे शोधावा? हे आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत.

चार दिवस ते बागेत आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते नोकराच्या हाती जुना हजेरीपट आणि कारखान्याचा रबरी शिक्का घेऊन. बाकावर बसून आम्ही पहिल्या पानापासून नावे वाचू लागलो. कोण हयात, कोण कोठे, कोणाचा कागद अडला आहे, अशा खुणा करीत. काही नावांपुढे आम्हांला सांगता आले नाही, तेथे त्यांना सांगता आले. बाग बंद करणाऱ्याने शिट्टी वाजविली तेव्हा एकतीस नावे झाली होती, त्यात सात अर्ज करावयाचे निघाले. उरलेल्या नावांचे काम चालू आहे.