कुत्र्याला सुया टोचल्या की रोगप्रतिकारशक्ती वाढते का?

निलंगा : शेतावरच्या राखणीच्या कुत्र्याने दोन दिवस भाकरीला तोंड लावलेले नाही. अंग तापलेले, कानात गोचीड. अशा वेळी मोबाइलवर ‘ॲक्युपंक्चरने कुत्र्याची इम्युनिटी वाढवा’ असा व्हिडिओ दिसला, तर मालकाला मोह होणारच.

मुळात ‘वाढवा’ हा शब्दच फसवा आहे. प्रयोगांत ठळकपणे दिसले ते वेगळेच : सुई दाह शमवते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा मार्ग दाखवला. उंदराच्या मागच्या पायात, गुडघ्याखाली टोचलेल्या सुईतून सौम्य वीजप्रवाह सोडला की तिथल्या नसा मेंदूला संदेश देतात. मेंदूकडून तो व्हेगस नसेमार्फत मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत जातो. तिथून स्रवणारी रसायने शरीरातला दाह कमी करतात.

याच गटाचा २०२० मधला निष्कर्ष मात्र व्हिडिओत क्वचितच सांगितला जातो. पोटावर जोरदार प्रवाह दाह सुरू होण्याआधी दिला, तेव्हा जास्त उंदीर वाचले. दाह भडकल्यावर दिला, तेव्हा जास्त मेले. वेळ चुकली की तोच उपाय अंगावर येतो.

हे सगळे उंदरांवरचे. कुत्र्यांमध्ये सुया वापरतात त्या मुख्यतः मणक्याच्या आणि सांध्यांच्या दुखण्यासाठी. पाळीव प्राण्यांवरील ३१ अभ्यास २००६ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा ॲक्युपंक्चरची शिफारस करावी किंवा ते नाकारावे, इतका भक्कम पुरावा हाती लागला नाही.

गोचिडांमुळे येणाऱ्या तापात तर धोकाच. या तापाचा एर्लिकिया जंतू रक्तातील प्लेटलेट घटवतो. अशा कुत्र्याला सुई टोचली तर रक्त लवकर थांबत नाही. त्याला रक्ततपासणी आणि प्रतिजैविक हवे. पार्व्हो, डिस्टेंपर आणि रेबीजविरुद्धची प्रतिकारशक्ती लसीनेच तयार होते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तर कुत्रा वाचत नाही. त्याने चावलेल्या माणसाचाही जीव धोक्यात येतो.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे असतात. माणसांसाठीचे ॲक्युपंक्चरचे प्रमाणपत्र इथे चालत नाही. निलंगेकरांना पशुवैद्यकीय महाविद्यालयासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही, ते उदगीरला आहे. जाताना लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे आणि ताप कधीपासून आहे, हे सांगावे.