गावाने विचारलं, रेडिओने उत्तर दिलं

भारतात नियमित प्रसारण 23 जुलै 1927 रोजी मुंबईत सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन केलं आणि साधारण महिनाभराने कोलकात्याचं केंद्रही लागलं. दोन्हीकडे जेमतेम दीड किलोवॉटचे प्रक्षेपक होते. श्रोत्याला वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे आणि त्यातला 80 टक्के वाटा कंपनीला मिळे. पण रेडिओसंच परवडणारी माणसं त्या काळी होती किती? परवाने काही हजारांपुढे सरकले नाहीत आणि 1930 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. मग सरकारने हा कारभार हाती घेतला. 1935 मध्ये बीबीसीतून आलेल्या लायनेल फील्डन यांनी त्याला शिस्त लावली आणि 1936 मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं.

हा रेडिओ शहरातल्या दिवाणखान्याचा होता आणि बोलायचा सरकारच्या परवानगीने. ती परवानगी झुगारणारा आवाज 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईतूनच निघाला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ जागा बदलत बदलत जवळपास तीन महिने टिकला आणि 12 नोव्हेंबरला पोलिसांच्या हाती लागला.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली : दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. त्यांचा आवाज जेमतेम अडीच टक्के भूभागावर आणि 11 टक्के लोकांपर्यंत पोचत होता. तेव्हा नवी केंद्रं काढणं हेच मोठं काम ठरलं. नागपूरचं केंद्र 1948 मध्ये आलं, पुण्याचं 2 ऑक्टोबर 1953 रोजी. माहिती व प्रसारण मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांनी शास्त्रीय संगीताला मानाचं पान दिलं आणि चित्रपटगीतांना दार बंद केलं. श्रोत्यांनी सुई थेट रेडिओ सिलोनकडे फिरवली. 1957 मध्ये ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीला ते दार पुन्हा उघडावं लागलं.

पुणे केंद्राचं नाव निघालं की मराठी माणसाला ‘गीतरामायण’ आठवतं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती 56 गीतं एप्रिल 1955 पासून वर्षभर घरोघरी पोचली. ते कौतुक रास्तच आहे. पण त्याच केंद्रात त्याच सुमारास आणखी एक काम उभं राहिलं, ज्याची आपल्याकडे फारशी आठवण निघत नाही. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर 1955 मध्येच या केंद्राच्या ग्रामीण विभागात रुजू झाले होते, आणि 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुण्याने शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला.

मूळ कल्पना कॅनडाची. तिथे 1941 पासून शेतकरी गटागटाने जमून रेडिओ ऐकत आणि ऐकलेल्यावर चर्चा करत. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने ही पद्धत तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत आणली : पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. दीडशे गावं निवडली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत असे विषय असत.

कार्यक्रम संपला की खरं काम सुरू व्हायचं. सार्वजनिक संचाभोवती गावातली पंधरा-वीस माणसं बसलेली असत. रेडिओ बंद करून ती आपसात बोलत : हे आपल्या रानात जमेल का, पैसा कुठून आणायचा, पुढाकार कोण घेणार. गटाचा निमंत्रक चर्चा लिहून घेई. न सुटलेले प्रश्न आणि ठरलेल्या गोष्टी पुण्याला कळवल्या जात आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरं येत. आपला प्रश्न रेडिओवर पोचतो आणि रेडिओ त्याला उत्तर देतो, हे खेड्यातल्या माणसाने पहिल्यांदाच अनुभवलं.

प्रयोगाचं मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. अभ्यासाची धुरा पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाकडे होती. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं यांची तुलना झाली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली होती. नुसत्या रेडिओच्या गावांत तशी वाढ दिसली नाही. विकासासाठी रेडिओ वापरू पाहणाऱ्या प्रत्येक देशाने हा निष्कर्ष गिरवून ठेवायला हवा. यंत्र आणून ठेवल्याने गाव हलत नाही. त्याच्याभोवती बोलणारी माणसं लागतात, आणि त्यांचं बोलणं ऐकणारं केंद्र लागतं.

1959 मध्ये ही मंडळं देशभर नेण्याचं ठरलं. दीडशे गावांत जे जीव ओतून झालं, ते हजारो गावांत सरकारी कामाच्या ओघात सापडलं. सार्वजनिक संचाच्या बॅटऱ्या संपत, दुरुस्तीला माणूस मिळत नसे. पत्रांची उत्तरं देणाऱ्यांची संख्या मंडळांच्या प्रमाणात वाढली नाही. तेवढ्यात ट्रान्झिस्टर आला. शेतकरी तो बांधावर टांगून एकटाच ऐकू लागला. त्यात त्याची सोय होती, यात शंका नाही. तंजावरकडे तर एडीटी-27 या भाताच्या वाणाचा रेडिओवरून इतका प्रसार झाला, की लोक त्याला ‘रेडिओ भात’च म्हणू लागले. पण गट मोडले, आणि उलट येणारा आवाज क्षीण होत गेला.

दिल्लीत दरम्यान वेगळाच वाद रेंगाळत होता. आकाशवाणी सरकारी खात्यातून मोकळी करावी, असं चंदा समितीने 1966 मध्येच सांगितलं होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही, आणि आणीबाणीत त्याची किंमत देशाने मोजली. प्रसार भारतीचा कायदा 1990 मध्ये झाला. तो अमलात यायला 1997 उजाडलं. त्याआधी फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते.

या निर्णयानंतर दारं किलकिली झाली. 2001 पासून शहरांत खासगी एफएम वाजू लागलं. समुदाय रेडिओ आधी शिक्षणसंस्थांना आणि 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. तेलंगणातल्या माचनूर गावी 2008 मध्ये ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो दलित शेतकरी स्त्रियांनी चालवला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आली. अशा केंद्रांना 100 वॉटपर्यंतची ताकद मिळते, म्हणजे आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत जातो. बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजाराला येणारे असतात. देशात आज अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत.

मात्र त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा अजून नाही. खासगी एफएमलाही नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं जसंच्या तसं लावता येतं. नळाला पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, परीक्षेचे अर्ज कुठे मिळतील, हे सांगायला हरकत नाही. नळयोजना का रखडली याचा शोध घेऊन त्याची बातमी मात्र देता येत नाही. 1956 च्या श्रोता मंडळांत शेतकऱ्यांच्या प्रश्नांना वाव होता; आज त्यांच्याच भागातल्या केंद्रावर ही अट आहे, आणि ती आता काढून टाकायला हवी.