पद्मिनी, बाबा आणि दोन वीकएण्ड

सोमवार ते शुक्रवार एक्सेल, शनिवार-रविवार अ‍ॅक्सल! बाबांची प्रीमियर पद्मिनी ५०च्या पुढे गेली की मागून घूंऽऽ करायची. त्यात एका चाकाचं ऑइल सील गळून तेल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये. म्हणजे प्रश्न आवाजाचा नाही, ब्रेकचा! बाबा म्हणाले, ‘विकून टाक.’ मी म्हटलं, ‘दोन वीकएण्ड द्या.’

पहिला नियम : नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, भक्कम स्टँड हवेतच. चाकं, ड्रम, शाफ्ट, मग डिफरन्शियल बाहेर. सील, बेअरिंग, तेलात भिजलेले ब्रेक लायनर, सगळं नवं. खरी कसोटी क्राउन-पिनियनची. दातांमधली फट डायल गेजवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची. कमी असेल तर दात तापून झिजतात, जास्त असेल तर खडखडतात. दातांना निळा रंग फासून ठसा बघायचा, नीट मधोमध येईपर्यंत शिम बदलायचे. मला पाचव्यांदा जमलं.

कुर्ल्यात बनलेली पद्मिनी २०२३मध्ये मुंबईच्या टॅक्सीतून रिटायर झाली. आमची अजून ड्युटीवर आहे. दुसऱ्या रविवारी बाबांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, गपकन थांबली.

‘राहू दे घरातच,’ ते एवढंच म्हणाले.