तरंगफलनाचा फोटो निघालेला नाही

‘तरंगफलनाचा, म्हणजे कणाचं वर्णन करणाऱ्या वेव्ह फंक्शनचा, फोटोच निघालाय. मग ते खरं की नुसतं गणित, हा वाद कशाला?’ क्वांटमवर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. सोबत मोबाइलवरची रंगीत वर्तुळंही पुढे केली जातात. चित्र अस्सल आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

चित्र आलं २०१३ साली, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये; प्रयोग ॲम्स्टरडॅमच्या ॲमोल्फ संस्थेतला. विद्युतक्षेत्रातल्या हायड्रोजन अणूंवर लेझर सोडला आणि सुटलेले इलेक्ट्रॉन भिंगासारख्या रचनेतून पडद्यावर आदळू दिले. आता नीट पाहा: एक इलेक्ट्रॉन आदळला की एकच ठिपका उमटतो. लाट नाही, वर्तुळ नाही. पुढच्या अणूचा इलेक्ट्रॉन भलतीकडेच पडतो. असे असंख्य ठिपके साचले की कुठे दाटी, कुठे विरळ, असं होत होत वर्तुळं दिसू लागतात. म्हणजे हे एका इलेक्ट्रॉनचं चित्र नव्हेच. एकसारख्या तयार केलेल्या कितीतरी अणूंची ती एकत्र नोंद आहे. शिवाय ही दाटी म्हणजे तरंगफलनाच्या परिमाणाचा वर्ग, हे मॅक्स बॉर्न यांनी १९२६ मध्येच सांगितलं होतं. तरंगफलनाची कला (फेज) त्यात येतच नाही.

तरंगफलनाला अवकाशात पसरलेली लाट म्हणावी, तर हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांचं तरंगफलन सहा मितींत असतं आणि युरेनियमच्या ९२ इलेक्ट्रॉनांचं २७६ मितींत. त्याचा फोटो कुठून निघणार?

म्हणून ते केवळ आपल्या अज्ञानाचा हिशोब ठरतं का? तसंही नाही. पुसी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांनी २०१२ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये दाखवलं की, एकाच मूळ वास्तवाला दोन वेगवेगळी तरंगफलनं लागू पडू शकत असतील, तर क्वांटमची भाकितं चुकायला हवीत. मात्र त्यात एक गृहीतक आहे: स्वतंत्रपणे तयार केलेल्या दोन वस्तूंची मूळ वास्तवं एकमेकांपासून स्वतंत्र असतात. ‘सिद्ध झालं’ म्हणणारे नेमकं हेच वगळतात, याची चीड येते. क्यूबिझमवाले (QBism), म्हणजे तरंगफलन हा निरीक्षकाच्या वैयक्तिक अपेक्षांचा हिशोब मानणारे, तर असं मूळ वास्तव आधी धरतच नाहीत, त्यामुळे प्रमेय त्यांना अडवत नाही. मला स्वतःला तरंगफलन खरं मानणाऱ्यांची बाजू वजनदार वाटते, पण ती या प्रमेयामुळे. फोटोमुळे मुळीच नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात. मोजमाप करताच तरंगफलन कोसळतं, म्हणजे अनेक शक्यतांतून एकच उरते, तेव्हा दूरच्या जोडकणाला प्रकाशाहून वेगाने निरोप जातो? नाही, एका टोकाच्या नोंदींत दुसऱ्या टोकाच्या निवडीचा मागमूस नसतो. माणसाने पाहिल्यामुळे ते कोसळतं? व्हिएन्नात २००४ मध्ये कार्बनचे ७० अणूंचे रेणू तापवत नेले, तसतसे ते स्वतःच उष्णतेचे किरण सोडू लागले आणि व्यतिकरणाचे (इंटरफिअरन्सचे) पट्टे पुसट होत गेले. त्यासाठी कुणी पाहण्याची गरज पडली नाही.