जुन्या मोटारीचे दिवे आणि रात्रीचा रस्ता

नाशिक जिल्ह्यातील रस्त्यांना रात्रीची विश्रांती नाही. मुंबई–आग्रा महामार्ग जिल्ह्याच्या अंगावरून आडवा जातो. सिन्नरवरून एक रस्ता पुण्याकडे व दुसरा शिर्डीकडे फुटतो. पेठच्या घाटांतून गुजरातकडे व त्र्यंबकवरून जव्हारकडे वाहतूक चालते. लासलगाव, पिंपळगाव बसवंतचा कांदा आणि निफाड, दिंडोरीची द्राक्षे पुष्कळदा रात्रीच हलविली जातात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या याच रस्त्यांवर असतात. चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेसाठी खानदेशातून मालेगाव, देवळा, कळवणमार्गे पायी निघालेले भाविक उन्हाच्या भयाने रात्रीचे चालतात. ज्येष्ठात श्री निवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते.

या वाटेवरून जेव्हा एखादी पंचवीस-तीस वर्षांची जीप किंवा मोटार येते, तेव्हा तिच्या दिव्यांचा प्रश्न केवळ तिच्या मालकापुरता राहत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तेवढ्यातच संपतात. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतानाही थांबण्यास आणखी सुमारे २८ मीटर लागतात. म्हणजे एकूण त्रेपन्न मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगास हेच अंतर सुमारे ८२ मीटर होते. गडद कपडे घातलेला पादचारी किंवा मागे दिवा नसलेली बैलगाडी मंद झोतात पुष्कळ वेळा पन्नास मीटरच्या आत आल्याखेरीज दिसत नाही. दिवे पिवळट व अधू झाले असतील तर हे अंतर आणखी घटते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार रस्त्यावरील माणसे व वाहने १५५ मीटर अंतरावर स्पष्ट दिसतील असे दिवे वाहनास असले पाहिजेत. ही अपेक्षा अर्थातच प्रखर झोताची आहे. परंतु जुन्या वाहनांपैकी किती ती पुरी करू शकतील याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दिवे अंधुक झाल्याची जाणीव झाली की बहुतेक मालक एकच गोष्ट करतात. ते बाजारातून अधिक वॅटचा बल्ब आणतात. हल्ली त्याऐवजी निळसर-पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी बल्ब आणला जातो. हा उपाय चुकीच्या टोकापासून सुरू होतो, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रकाश वाटेत कोठे हरवतो

मोटारीच्या बल्बचा प्रकाश त्यास मिळणाऱ्या व्होल्टेजवर विलक्षण अवलंबून असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश दहा टक्क्यांनी नव्हे, तर सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. पाच टक्क्यांच्या घटीने सोळा टक्के प्रकाश जातो. आता जुन्या वाहनातील विजेचा मार्ग पाहा. बॅटरीपासून निघालेली तार प्रथम चालकाच्या समोरील स्विचपर्यंत येते, तेथून डिपरच्या स्विचला जाते, मग परत पुढे दिव्यांकडे वळते. तार बहुधा बारीक असते. दोन्ही दिव्यांचा मिळून सुमारे दहा अँपिअर प्रवाह एक चौरस मिलिमीटर जाडीच्या चार मीटर तारेतून गेला, तर केवळ तारेतच सुमारे ०·७ व्होल्ट खर्ची पडतात. स्विचच्या झिजलेल्या टोकांवर, गंजलेल्या जोडांवर आणि पत्र्याला आवळलेल्या अर्थच्या स्क्रूवर आणखी तेवढेच जातात. इंजिन चालू असता बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट असून बल्बच्या पायाशी बाराच पोहोचत असतील, तर विकत घेतलेल्या प्रकाशाचा एक-तृतीयांश भाग तारांमध्येच विरला असे समजावे.

हे तपासणे अवघड नाही. इंजिन थोड्या वाढीव वेगाने चालू ठेवून दिवे लावावेत आणि साध्या व्होल्टमीटरने प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर व नंतर लावलेल्या बल्बच्या जोडावर मोजमाप घ्यावे. दोहोंतील फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक आढळला तर दोष बल्बचा नसून मार्गाचा आहे. हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांना ओहमचा नियम शिकविताना याहून जिवंत उदाहरण क्वचितच सापडेल.

उपाय म्हणजे रिले. रिले हा विजेने चालणारा स्विच होय. चालकाच्या हाताखालील स्विचमधून रिलेच्या वेटोळ्यापुरता अत्यल्प प्रवाह जातो, आणि दिव्यांचा खरा प्रवाह बॅटरीपासून जाड तारेने थेट रिलेतून बल्बकडे पोहोचतो. प्रखर झोतासाठी एक व मंद झोतासाठी एक असे दोन रिले लागतात. रिलेवर आकडे कोरलेले असतात. ३० या टोकास बॅटरीकडील तार, ८७ ला दिव्याकडे जाणारी, आणि ८५ व ८६ या टोकांस वेटोळ्याच्या तारा जोडतात. तार अडीच चौरस मिलिमीटरची असावी. त्यामुळे वर सांगितलेली ०·७ व्होल्टची घट ०·३ च्या आत येते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा, कारण फ्यूजशिवायची जाड तार ही पेट घेण्याची सोय करून ठेवण्यासारखी आहे. दिव्यांची अर्थची तारही गंजक्या पत्र्यावर न सोडता बॅटरीपर्यंत स्वतंत्र न्यावी. हे सारे काम कोणताही जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात करून देतो, आणि सामानाचा खर्च एका नव्या टायरच्या किमतीपेक्षा कमी असतो.

रिफ्लेक्टर आणि काच

तारांनंतर पाळी रिफ्लेक्टरची. बल्बचा प्रकाश रस्त्यावर फेकण्याचे काम त्याच्या अंतर्वक्र, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पृष्ठभागाकडे असते. काचेभोवतीचे रबर कडक होऊन फाटले की इगतपुरीचा पाऊस आणि येवल्याची धूळ दोन्ही आत शिरतात, आणि मुलामा काळवंडतो. असा रिफ्लेक्टर कापडाने घासून उजळण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. त्याने मुलामा निघून येतो आणि होता तोही प्रकाश जातो. काळवंडलेला रिफ्लेक्टर बदलणे हाच मार्ग आहे. जीप व अँबॅसेडरसारख्या वाहनांचे दिवे गोल व सुमारे सात इंच व्यासाचे असल्याने त्यांचे जोड आजही मिळतात.

गेल्या दोन-तीन दशकांतील मोटारींच्या दिव्यांना काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचे आवरण असते. ते उन्हाने पिवळे पडते. बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून ते स्वच्छ करता येते. मात्र नंतर ऊन रोखणारा थर दिला नाही तर ते पुन्हा लवकरच पिवळे होते. काचेवर चिकटविलेली देवादिकांची चित्रे व रंगीत पट्ट्या यांविषयी एवढेच म्हणता येईल की, श्रद्धेला वाहनात दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत.

बल्बची निवड

इतके झाल्यावर बल्बचा विचार करावा. जुन्या वाहनांत ४५/४० वॅटचा साधा दुहेरी तंतूचा बल्ब असे. त्यातील टंगस्टनच्या तंतूची हळूहळू वाफ होऊन ती काचेवर काळी बसते व बल्ब मंद होत जातो. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन वा ब्रोमीनचा अंश असतो. तो ही वाफ पुन्हा तंतूकडे नेतो, म्हणून तंतू अधिक तापविता येतो आणि काच स्वच्छ राहते. मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब १९६२ मध्ये युरोपात आला. एकाच बल्बात दोन तंतू असलेला एच-४ हा प्रकार १९७१ मध्ये आला, आणि पुढे तो आपल्या देशात सर्वपरिचित झाला. ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब प्रखर झोतात सुमारे १,६५० व मंद झोतात सुमारे १,००० ल्युमेन प्रकाश देतो. जुना साधा बल्ब याच्या निम्मा ते दोन-तृतीयांश प्रकाश देत असे. एच-४ ची बैठक वेगळी असल्याने तो जुन्या रिफ्लेक्टरमध्ये ठोकून बसवू नये. त्याच्यासाठी घडविलेला रिफ्लेक्टर व काच यांसह पूर्ण दिवाच बदलावा. बल्बच्या काचेस बोट लावू नये, कारण बोटांचे तेल तापल्या काचेवर भाजते आणि बल्ब लवकर जातो.

बाजारात १००/९० वॅटचे बल्बही मिळतात. असे दोन बल्ब प्रखर झोतात जवळजवळ सतरा अँपिअर प्रवाह ओढतात. जुन्या मोटारीच्या डायनामोची सारी क्षमता वीस-बावीस अँपिअरच्या आसपास असते. म्हणजे दिवे लावले की बॅटरी रिकामी होऊ लागली, शिवाय होल्डर वितळण्याचा धोका वेगळाच. निळसर लेप दिलेले बल्ब डोळ्यांना झगझगीत वाटतात, परंतु तो लेप प्रकाशाचा काही भाग अडवितो. रस्त्यावर पडणारा प्रकाश त्यामुळे वाढत नाही. कसारा घाटात पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात, तेव्हा प्रखर झोत धुक्यावरून परतून चालकाच्याच डोळ्यांत येतो. तेथे मंद झोत आणि कमी वेग यांखेरीज इलाज नाही.

एलईडीविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. एच-४ च्या मंद झोताच्या तंतूखाली धातूची एक लहानशी ढाल असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडविते आणि त्यामुळे झोताला वरच्या बाजूस स्पष्ट कड येते. ही कड तंतूच्या अचूक स्थानावर अवलंबून आहे, अगदी मिलिमीटरच्या अंशापर्यंत. हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचा बल्ब खोचला की प्रकाशाचा उगम जागेवर राहत नाही, त्याचा आकारही बदलतो. कड विस्कटते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालकाला जवळचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून तो समाधानी असतो. दूरचे मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसू शकते. झेनॉनच्या जोड-संचाचेही असेच होते. मुळातच एलईडीसाठी आखलेला, स्वतःचे भिंग असलेला व मान्यताप्राप्त असा संपूर्ण दिवा ही निराळी गोष्ट आहे. त्यात प्रकाशाची कड सांभाळलेली असते.

संपूर्ण दिवा घेताना एक खूण अवश्य पाहावी. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून मंद झोताची कड डावीकडे वर चढते व रस्त्याच्या डाव्या कडेचा पादचारी दिसतो. उजवीकडे ती खाली राहते, जेणेकरून समोरून येणारा दिपू नये. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी केलेल्या दिव्यात हे नेमके उलट असते. जीपसाठी विकले जाणारे सात इंची दिवे पुष्कळदा तशा देशांकरिता केलेले असतात. आंतरराष्ट्रीय मान्यतेचे चिन्ह असलेल्या काचेवर, दिव्यासमोर उभे राहणाऱ्याच्या उजव्या हाताकडे रोख असलेला बाण असेल, तर तो डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे. दोन्ही दिशांना टोके असलेला बाण दोहोंसाठी चालतो. बाण मुळीच नसेल तर तो दिवा आपल्या रस्त्यांचा नव्हे.

नियम काय सांगतात

नियम १०६ प्रमाणे समोरच्यास दिपविणारा दिवा वापरता येत नाही. झोत कायमचा खाली वळविलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळविता आला पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई केली आहे. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ अन्वये, परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलास पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते व पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी वाहन प्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणीस न्यावेच लागते. दिवे व त्यांचा रोख हा त्या तपासणीचा भाग आहे. देशात दिव्यांची चाचणी घेणाऱ्या मान्य संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे.

दिव्याच्या वरच्या भागास काळा रंग वा काळी पट्टी लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. तिचा हेतू चांगला होता. परंतु रोख चुकलेला दिवा काळ्या पट्टीने सुधारत नाही, आणि रोख बरोबर असलेल्या दिव्याचा उपयोगी प्रकाश मात्र तिच्यामुळे वाया जातो.

रोख बसविणे

रोख बसविण्यास यंत्र असल्यास उत्तमच. नसल्यास गावातील शाळेची किंवा ग्रामपंचायतीची उभी भिंत आणि तिच्यासमोरचे सपाट पटांगण पुरते. टायरमध्ये योग्य हवा भरावी. वाहनात नेहमी जेवढी माणसे व सामान असते तेवढे ठेवावे, कारण मागे भार पडला की नाक वर उठते व मंद झोतही प्रखरासारखा डोळ्यांत जातो. वाहन भिंतीसमोर, तिच्याशी काटकोनात, बरोबर दहा मीटरवर उभे करावे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने त्याच उंचीची आडवी रेघ ओढावी, व तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. मग मंद झोत लावून, एका वेळी एकच दिवा उघडा ठेवून, प्रकाशाची सपाट कड खालच्या रेघेवर येईपर्यंत दिव्याचे स्क्रू फिरवावेत. कड जेथून डावीकडे वर चढू लागते तो कोपरा त्या त्या दिव्याच्या अगदी समोर यावा. दिव्याची उंची सत्तर सेंटिमीटर असल्यास हा झोत सुमारे सत्तर मीटरवर जमिनीस टेकतो. त्याच्या कडेवर चालणाऱ्या माणसाचे पाय आणि बैलगाडीची चाके प्रथम दिसतात, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे त्या कडेच्या वर, अंधारात राहतात. स्प्रिंग बदलल्या किंवा टायरचा आकार बदलला तर हे काम पुन्हा करावे लागते.