बार्ज: नाइलवरून अंबा नदीत

धरमतरच्या खाडीत भरतीचं पाणी चढू लागलं की बार्जही वर सरकू लागतात. मुंबईजवळच्या समुद्रात नांगरलेल्या मोठ्या जहाजांवरचा कोळसा आणि लोहखनिज त्यांच्या पोटात भरलेलं असतं. ते अंबा नदीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जातं. मोठं जहाज इथवर येऊच शकत नाही, खाडी उथळ आहे. बार्जचा तळ सपाट, म्हणून कमी पाण्यातही ती तरते. तरी उधाणाला पाणी किती आणि भांगाला किती, हा हिशोब सुटत नाही.

‘बार्ज’ हा शब्द मराठीने इंग्रजीतून घेतला. इंग्रजीत तो सुमारे 1300 साली जुन्या फ्रेंचमधून आला. तेव्हा त्याचा अर्थ होता समुद्रात जाणारं लहान गलबत. सपाट तळाची मालवाहू नाव हा अर्थ नंतरचा. फ्रेंचच्या मागे लॅटिन आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘बारिस’ असावा, असं अनेक कोशकार मानतात. ‘बारिस’ मात्र मूळचा ग्रीक नव्हे. तो इजिप्तच्या नावाड्यांचा. कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेत ‘बारी’ म्हणजे होडी.

नाइलवरच्या या बारिसचं फार सुरेख वर्णन इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने करून ठेवलं आहे. बाभळीच्या जातीच्या लाकडाच्या दोन-दोन हात लांब फळ्या विटांसारख्या रचायच्या, सांध्यांत पपायरस कोंबायचा. वारा नसेल तर प्रवाहाविरुद्ध जाताना काठावरून ओढायची. प्रवाहाबरोबर जाताना पुढे झाऊचा तराफा सोडायचा आणि मागे भोक पाडलेला दगड तळाशी फरफटत न्यायचा. त्याने नाव सरळ राहते. या बांधणीचा अर्थ लावताना अभ्यासक शतकानुशतकं अडखळत होते. अखेर नाइलच्या मुखाशी बुडालेल्या थोनिस-हेराक्लिऑन बंदरात ‘जहाज 17’ मिळालं आणि पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर बेलोव्ह यांना त्याच्या सांगाड्यात हेरोडोटसची बारिस ओळखू आली.

याच कुळातल्या फ्रेंच ‘बार्क’वरून जहाजात चढण्याचं क्रियापद झालं. परदेशी विमानतळावर उतरताना भरायचा ‘डिसएम्बार्केशन’ अर्ज त्याच घरचा.

मराठीत मचवा, पडाव, गलबत असे शब्द पूर्वीपासून होतेच. पण ही लोखंडी, सपाट, कारखान्याचा माल वाहणारी नाव त्यांपैकी कशातच बसेना. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात ‘पी-305’ ही बार्ज बुडाली तेव्हा काही वृत्तपत्रांनी ‘तराफा’ असं छापलं. धरमतरच्या काठावर मात्र ‘बार्ज’च रुळला आहे.